पॉवर स्टीअरिंगचा गळका पंप स्वतः बदलायचा तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुना पिकअप ट्रक आहे. इंजिनाखाली पुढच्या बाजूला लालसर तेलाचे थेंब पडतात, पॉवर स्टीअरिंगची टाकी दर काही दिवसांनी भरावी लागते आणि उभ्या जागी स्टीअरिंग कापताना पंप कण्हल्यासारखा आवाज करतो. पंप स्वतः बदलता येईल का, आणि कसा?

येईल. बेल्टवर चालणारा पंप असेल आणि हाताशी नीट हत्यारं असतील तर हे अर्ध्या-पाऊण दिवसाचं काम आहे. पंप धरणारे बोल्ट तीन-चारच असतात आणि ते काढून परत लावणं हा या कामातला सोपा भाग. खरी मेहनत त्याच्या आधी आणि नंतर आहे. आधी गळती पंपाचीच आहे हे पक्कं करायचं. नंतर सिस्टिममधलं जुनं घाण तेल धुऊन काढायचं आणि हवा पूर्ण बाहेर काढायची. नवा पंप थोड्याच दिवसांत ओरडायला किंवा गळायला लागला तर लोक पंपाच्या दर्जाला दोष देतात. बहुतेक वेळा मात्र या दोन गोष्टींपैकी एक राहून गेलेली असते. म्हणून मी त्यांच्यावरच जास्त लिहितो आहे.

आधी गळती कुठून आहे ते बघा. तेल खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे उडतं, त्यामुळे जिथून थेंब पडतो तिथे बिघाड असेलच असं नाही. सगळ्यात खालची ओली जागा फसवते, सगळ्यात वरची ओली जागा शोधायची असते. इंजिन थंड असताना पंप, टाकी, दोन्ही पाईप (दाबाचं तेल नेणारा प्रेशर पाईप आणि तेल परत आणणारा रिटर्न पाईप) आणि खालचा स्टीअरिंग बॉक्स डीग्रीझरने स्वच्छ करून कोरडे पुसा. टाकी खुणेपर्यंत भरा. मग इंजिन चालू करून दुसऱ्या माणसाला स्टीअरिंग हळूहळू दोन्ही बाजूंना कापायला सांगा आणि तुम्ही बॅटरीच्या उजेडात बघत राहा. कपड्याची बाही, गळ्यातलं काही, हात, हे सगळं बेल्टपासून आणि पंख्यापासून लांब ठेवा.

एक गोष्ट इथे जपाच. चालू इंजिनात गळती शोधायला पाईपवरून बोट फिरवू नका. हलक्या ट्रकच्या पंपाचा दाब ७० ते १०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) जातो, मोठ्या ट्रकमध्ये त्याहून बराच जास्त. मोठ्या ट्रकच्या टायरमधली हवासुद्धा साधारण आठ बारच असते, यावरून अंदाज करा. सुईएवढ्या भोकातून एवढ्या दाबाने निघालेली तेलाची धार कातडीत घुसते. जखम वरून टाचणी टोचल्याएवढी दिसते, आत मात्र तेल पसरलेलं असतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच रुग्णालय गाठायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा, त्यावर डाग पडला की जागा कळते.

पंपाच्या शाफ्टचं ऑइल सील गळत असेल तर त्याची खूण ठरलेली असते. पुलीची मागची बाजू ओली असते आणि पुलीच्या रेषेत आजूबाजूच्या भागांवर तेलाचे शिंतोडे गोलाकार उडालेले दिसतात, कधी बॉनेटच्या आतल्या बाजूलाही. तेल पुलीच्या मागे नसून पंपाच्या पाठीमागून येत असेल तर प्रेशर पाईपच्या जोडावरची ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, बघा. टाकी पंपालाच जोडलेली असेल तर टाकी आणि पंप यांच्यामधली ओ-रिंग कडक होऊन पाझरते. रिटर्न पाईपची क्लिप सैल होते, तिथलं रबर चिरतं. प्रेशर पाईपमध्ये रबर आणि लोखंडी नळी जिथे दाबून जोडलेली असते तो सांधा झिरपतो, आणि ते तेल नळीवरून ओघळत थेट पंपाखाली येऊन थेंबतं. या सगळ्या दुखण्यांवर औषध ओ-रिंग, क्लिप किंवा पाईप एवढंच असतं, आणि पंप बदलायची गरज नसते.

तेल कोणतं आहे तेही बघा. पांढऱ्या कागदावर एक थेंब घ्या. स्टीअरिंगचं तेल बऱ्याच गाड्यांत लाल असतं, जुनं झाल्यावर तपकिरी होतं. इंजिन ऑइल काळपट आणि दाट असतं. कूलंट पाण्यासारखं पातळ, वासाला गोडसर. टायमिंग कव्हरमधून गळणारं इंजिन ऑइल पंपावर येऊन पडतं आणि पंप उगाच बदनाम होतो. रंगावरून कळत नसेल तर टाकीत स्टीअरिंगच्या तेलाला चालणारा यूव्ही डाय (अतिनील उजेडात चमकणारा रंग) घाला, गाडी थोडी चालवा आणि अंधारात यूव्ही बॅटरीने बघा. गळतीची वाट झळाळून दिसते.

मोठ्या ट्रकवाल्यांसाठी वेगळं सांगतो. तिथे पंप बऱ्याचदा बेल्टवर नसतो, इंजिनाच्या गिअरवर किंवा एअर कॉम्प्रेसरच्या मागे बसवलेला असतो. अशा पंपाचं शाफ्ट सील गेलं तर बाहेर थेंबही दिसत नाही, कारण तेल इंजिनात जातं. टाकी रिकामी होत जाते, जमिनीवर डाग नसतो आणि इंजिनाच्या डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसतं. कधी याच्या उलटही होतं. पंपाच्या ओढीने इंजिन ऑइल स्टीअरिंगच्या बाजूला येतं, टाकी आपोआप भरत जाते आणि तेल काळं पडतं. टाकीची पातळी कारण नसताना वाढत असेल तर खूश होऊ नका. दोन्ही प्रकारांत पंप काढण्यावाचून पर्याय नाही, आणि इंजिन ऑइलही बदलायला लागतं.

काही ट्रकमध्ये ब्रेकचा बूस्टरसुद्धा याच पंपाच्या दाबावर चालतो. ब्रेक मास्टर सिलिंडरच्या मागे गोल डबा नसून जाड प्रेशर पाईप जोडलेला धातूचा ठोकळा दिसत असेल तर तुमची गाडी त्यातली. तिथे तेल संपलं की स्टीअरिंगही जड होतं आणि ब्रेकही. बूस्टरमध्ये थोडा साठवलेला दाब असतो, तो दोन-चार ब्रेकपुरता. अशी गाडी गळक्या पंपावर चालवत राहू नका. आणि पाईप सोडण्याआधी इंजिन बंद ठेवून ब्रेक पेडल वीसेक वेळा दाबा, म्हणजे तो साठलेला दाब निघून जाईल. एरवीही गळतीकडे दुर्लक्ष करणं बरं नाही. हे तेल गरम एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेऊ शकतं.

नुसतं सील बदलून भागेल का, हा प्रश्न हमखास येतो. कधीकधी भागतं. इंजिन बंद करून पुली दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर आतलं बेअरिंग किंवा बुश झिजलंय. शाफ्ट डगमगत असेल तर नवीन सीलही त्याच्याबरोबर डगमगणार आणि पुन्हा गळणार. खेळ नसेल तर पुली काढून शाफ्टवर सील जिथे घासतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे, सील धरणार नाही. दोन्ही ठीक असेल, पंप आवाज करत नसेल आणि तेलात चुरा नसेल, तर सील बदलणं रास्त आहे. पण प्रश्नातला पंप कण्हतो आहे. टाकी भरलेली असतानाही तो आवाज राहत असेल तर मी सीलवर वेळ घालवणार नाही, पंपच बदलेन. गळती थांबवणारी बाटलीतली औषधं रबर फुगवून काम करतात. ती काही दिवस ढकलतात, पण चांगल्या असलेल्या बाकीच्या सीलांनाही मऊ करतात. मी ती वापरत नाही.

नवीन पंप आणल्यावर तो जुन्याशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. शाफ्टची जाडी, बोल्टची भोकं, प्रेशर पाईपचे आटे, रिटर्नच्या तोंडाचा कोन, फिरण्याची दिशा, सगळं जुळलं पाहिजे. बाहेरून सारखे दिसणारे दोन पंप आत वेगळे असू शकतात. दाब आणि प्रवाह ठरवणारा व्हॉल्व्ह गाडीप्रमाणे बदलतो, म्हणून पार्ट नंबरवरच खरेदी करा, दिसण्यावर नको. चुकीच्या व्हॉल्व्हने स्टीअरिंग उगाच हलकं किंवा जड होतं. पुन्हा बांधलेला, म्हणजे जुना दुरुस्त करून विकलेला, पंप घ्यायचा असेल तर त्यासोबत पुली आणि टाकी बहुधा येत नाही, जुनीच वापरावी लागते. पंपाबरोबर नव्या ओ-रिंग, बँजो बोल्ट (तेल आतून जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर तांब्याचे नवे वॉशर आणि रिटर्नची नवी क्लिप घ्या. बेल्ट तेलाने भिजला असेल तर तोही. तेल प्यालेला बेल्ट धुऊन वापरला तरी सटकतो, आणि बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर अल्टरनेटर आणि वॉटर पंपही असतात.

तेल कोणतं घालायचं ते टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं, काहींना स्टीअरिंगचं खास तेल, काहींना सिंथेटिक हायड्रॉलिक तेल. हिरवं आणि लाल एकत्र करू नका, आणि रंग सारखा म्हणजे तेल सारखं असंही समजू नका. साध्या पिकअपच्या सिस्टिममध्ये लिटरभर तेल मावतं. धुण्याचा हिशेब धरून तीन-चार लिटर जवळ असू द्या.

हत्यारांमध्ये दोन गोष्टींची काटकसर करू नका. एक, पाईपच्या नटसाठी फ्लेअर नट पाना, जो नटाच्या जवळपास सगळ्या बाजू धरतो. साध्या फिक्स पान्याने जुन्या पाईपचा नट फिरवायला गेलात की त्याच्या कडा गोल होतात आणि मग पाईपसुद्धा नवीन घ्यावा लागतो. दोन, पुली काढण्याचा आणि बसवण्याचा जोडसंच. तो विकत घ्यायलाच हवा असं नाही, भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मिळतो. पण त्याच्याशिवाय प्रेसफिट, म्हणजे शाफ्टवर दाबून बसवलेल्या, पुलीच्या नादी लागू नका. त्याचं कारण पुढे येतं.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. मोठ्या ट्रकची केबिन पुढे कलवली असेल तर तिचा लॉक आणि टेकू दोन्ही लागलेत हे डोळ्यांनी पाहून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इंजिन थंड असू द्या.

बेल्ट काढण्याआधी तो कोणत्या पुलीवरून कसा गेलाय याचा फोटो घ्या. पाईप कुठून कसे वळलेत त्याचाही घ्या. मग पुलीजवळ जा आणि पुलीचा तोंडाकडचा काठ शाफ्टच्या टोकापासून किती आत किंवा बाहेर आहे ते कॅलिपरने मोजून लिहून ठेवा. बऱ्याच पंपांवर दोन्ही एका पातळीत असतात, पण सगळ्यांवर नाही. हे माप नसेल तर नवीन पंपावर पुली कुठे थांबवायची ते कळत नाही. दीड-दोन मिलीमीटर इकडेतिकडे झालं तरी बेल्ट वाकडा चालतो आणि चिरकतो.

टाकीतलं तेल मोठ्या सिरिंजने उपसा. खाली पसरट भांडं ठेवा. रिटर्न पाईप सोडा आणि तो भांड्यात वाहू द्या. प्रेशर पाईपचा नट मात्र पंप जागेवर घट्ट असतानाच ढिला करा. पंप सुटा केल्यावर त्याला धरायला काही राहत नाही आणि सगळा जोर पाईपवर येतो. पंपात आट्यांनी बसवलेली वेगळी फिटिंग आणि तिच्यात पाईपचा नट अशी रचना असेल तर फिटिंग दुसऱ्या पान्याने धरून ठेवा आणि फक्त नट फिरवा. काही पंपांत या फिटिंगच्या मागेच प्रवाह ठरवणारा फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग असते. चुकून फिटिंगच सुटली तर स्प्रिंग आणि व्हॉल्व्हचा छोटा घडीव दांडा बाहेर येऊन तेलाच्या भांड्यात किंवा चासीत कुठेतरी जातो. जुन्या पंपातून तो गेला तर एक वेळ चालेल, पण नवीन पंपाच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवायचं आहे.

नट सुटत नसेल तर गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा. पाईप नटाबरोबर पिळला जाताना दिसला तर लगेच हात थांबवा आणि नट थोडा आवळण्याच्या दिशेला नेऊन मागे-पुढे करत सोडवा. उघड्या तोंडांना स्वच्छ बूच लावा. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत राहतात.

आता बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर फिरवून बेल्ट काढा आणि पंपाचे बोल्ट सोडा. बऱ्याच पंपांचे पुढचे बोल्ट पुलीच्या भोकांतून सॉकेट घालूनच निघतात. पुली फिरवून भोक बोल्टसमोर आणायचं. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतील तर कोणता कुठला ते लिहून ठेवा. लांब बोल्ट उथळ भोकात गेला तर ॲल्युमिनियमचं ब्रॅकेट फुटतं.

पुलीवर नट असेल तर काम सोपं आहे. नसेल तर ती शाफ्टवर दाबून बसवलेली आहे. पुलर तिच्या मधल्या गळ्यातल्या खाचेत पकडतो, मधला स्क्रू शाफ्टवर टेकतो आणि पुली सरळ बाहेर येते. पुलीची बाहेरची कड धरून ओढलीत तर पत्रा वाकतो. आणि नवीन पंपावर पुली हातोडीने ठोकून बसवू नका, खाली लाकूड धरूनही नाही. पंपाच्या आत रोटर असतो, त्याच्या खाचांत पात्या, आणि रोटरच्या दोन्ही बाजूंना घासून सपाट केलेल्या चकत्या. त्यांच्यातली फट केसापेक्षा बारीक असते. शाफ्टवरचा प्रत्येक घाव थेट तिथे पोहोचतो. पंप बाहेरून धडधाकट दिसतो, पण पहिल्या दिवसापासून आवाज करतो. पुली बसवण्याच्या हत्याराचा मधला बोल्ट शाफ्टच्या आतल्या आट्यांत पूर्ण खोलवर फिरवा. दोन-तीन आट्यांवर जोर दिलात तर ते आटे निघून येतात. मग बोल्ट धरून नट फिरवत पुली हळूहळू आत न्या आणि लिहिलेल्या मापावर थांबवा. पुली लावल्यावर पंप जागेवर जात नसेल अशा गाडीत आधी पंप बसवावा लागतो, पुली नंतर.

गिअरवर चालणाऱ्या पंपात पुलीऐवजी गिअर असतो. तो नव्या पंपावर चढवताना शाफ्टचा निमुळता भाग (टेपर) आणि गिअर अडकवणाऱ्या चावीची खाच तेल-ग्रीस न ठेवता पुसा आणि नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या जोराच्या मापावरच) आवळा. तो सुटला तर तुकडे इंजिनाच्या गिअरमध्ये जातात. या ठिकाणी ज्यांच्याकडे टॉर्क रेंच नाही त्यांनी काम गॅरेजवर सोपवावं असं मला वाटतं.

आता धुण्याचं काम, जे सगळ्यात जास्त वेळा टाळलं जातं. जुना पंप झिजताना लोखंडाचा बारीक चुरा तेलात सोडतो. तो पाईपात, स्टीअरिंग बॉक्समध्ये, टाकीच्या तळाला बसलेला असतो. जुन्या टाकीतला शेवटचं घोटभर तेल पांढऱ्या कपड्यावर ओता आणि उन्हात तिरकं धरा. चंदेरी चमक दिसली तर तो चुरा आहे. नवीन पंप लावून इंजिन चालू केलं की पहिल्याच फेरीत तो त्याच्या पोटात जाणार. म्हणून पंप बाहेर असतानाच दोन्ही पाईपांची तोंडं भांड्यात सोडा, पुढची चाकं अधांतरी ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सात-आठ वेळा फिरवा. बॉक्समधला पिस्टनच जुनं तेल बाहेर ढकलतो. टाकी काढून तळाची जाळी धुवा. काही टाक्यांत ही जाळी आतच पक्की असते आणि चोंदली तर दिसतही नाही. तेल वरून ओतल्यावर खालून मोकळेपणी पडत नसेल तर टाकी बदला. पंपाला तेल पुरेसं मिळालं नाही तर नवीन पंपही जुन्यासारखाच कण्हेल. मोठ्या ट्रकच्या टाकीत बदलता येणारा फिल्टर असतो, तो या वेळी नवीनच टाका.

पंप बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने दोन-चार आटे फिरवून घ्या आणि मगच एकेक आवळा. प्रेशर पाईपचा नटही आधी बोटांनीच आटे धरला पाहिजे. पाना लावावा लागत असेल तर आटे तिरके बसताहेत, मागे घ्या आणि पाईपचा कोन बदला. गरज पडली तर पंपाचे बोल्ट ढिले ठेवून पाईप आधी जोडा. ओ-रिंगला तेच स्टीअरिंगचं तेल लावा, ग्रीस नको. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. इथे सील ओ-रिंग करते, आटे नाही, आणि टेपचा तुकडा सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतो. ओ-रिंगच्या जोडावर प्रमाणाबाहेर जोर दिल्याने गळती थांबत नाही, उलट रिंग कापली जाते.

बेल्ट चढवण्याआधी टाकी भरा आणि पंपाची पुली हाताने सावकाश फिरवा. टाकीत बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत फिरवत राहा. पंप कोरडा सुरू होऊ नये म्हणून हे करायचं. कोरडा पंप काही सेकंदांतसुद्धा आतून खरचटतो. मग फोटो बघून बेल्ट चढवा आणि पुलीसमोर सरळ पट्टी धरून शेजारच्या पुलीशी एका रेषेत आहे का बघा. टेन्शन हाताने जुळवायचं असेल तर बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणू नका. जास्त ताणलेला बेल्ट शाफ्टला सतत एका बाजूला ओढतो, बेअरिंग जातं, मागोमाग सील जातं.

हवा काढताना घाई करायची नाही. इंजिन बंद, पुढची चाकं अधांतरी, टाकीचं झाकण उघडं. स्टीअरिंग हळू एका टोकाला न्या, मग हळू दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या माणसाने टाकीवर लक्ष ठेवून पातळी खाली गेली की तेल घालायचं. टाकी एकदा जरी रिकामी झाली तर पुन्हा हवा आत जाते आणि सुरुवातीपासून करावं लागतं. असं वीसेक वेळा करा. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतात, नंतर बारीक, मग पातळी स्थिर होते. ब्रेक बूस्टर याच सिस्टिमवर असेल तर फेऱ्या जास्त लागतात, आणि इंजिन चालू केल्यावर मधूनमधून ब्रेकही दाबावा लागतो.

पातळी हलेनाशी झाली की बॅटरीची तार जोडा, इंजिन दोन-तीन सेकंद चालू करून बंद करा. पातळी बघा, भरा. पुन्हा थोडं जास्त चालू ठेवा. धुण्याचं काम मनासारखं झालं नसेल तर याच टप्प्यावर रिटर्न पाईप बाटलीत सोडून, टाकीचं रिटर्नचं तोंड बुचाने बंद करून, थोडं थोडं चालू-बंद करत तेल स्वच्छ येईपर्यंत काढता येतं. पण टाकी भरत राहायला एक माणूस फक्त त्याच कामाला हवा, कारण पंप ती काही सेकंदांत उपसतो. मग पाईप जोडून स्टीअरिंगच्या सावकाश फेऱ्या पुन्हा करा, या वेळी इंजिन चालू ठेवून. टोकाला नेऊन तिथे दाबून धरू नका. टोकाला पंप पूर्ण दाबावर असतो, तेल झपाट्याने तापतं आणि तेवढ्यानेही नवीन पंपाचं नुकसान होऊ शकतं.

टाकीतलं तेल दुधाळ किंवा फेसाळ दिसलं तर इंजिन बंद करा आणि अर्धा-एक तास हात लावू नका. हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपात तेलात मिसळलेली असते आणि ती फक्त शांत उभं राहिल्यावरच वर येते. अशा वेळी स्टीअरिंग आणखी जोरात फिरवलं तर फेस वाढतो.

गाडी खाली घ्या, चाकं जमिनीवर असताना स्टीअरिंग दोन्हीकडे कापून बघा, मग छोटी फेरी मारा आणि तेल गरम झाल्यावर गरमच्या खुणेप्रमाणे पातळी ठरवा. झाकणाच्या काडीवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात. थंड तेल गरमच्या खुणेपर्यंत भरलं तर तापल्यावर ते झाकणातून बाहेर येतं आणि नवीन पंप गळतोय असं वाटतं. सगळे जोड पुसून खाली पुठ्ठा टाकून रात्रभर गाडी उभी ठेवा. काढलेलं तेल घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं तेल घेणाऱ्याकडे द्या, गटारात किंवा मातीत ओतू नका.

पहिले काही दिवस पातळी रोज बघा. थोडी उतरली आणि मग थांबली तर राहिलेली हवा निघाली असं समजा. उतरतच राहिली तर पुन्हा वरची ओली जागा शोधण्यापासून सुरुवात. नवीन पंपावर आवाज राहिला तर पंप काढायच्या आधी टाकीपासून पंपाकडे येणारा रबरी पाईप आणि त्याची क्लिप बघा. तिथल्या सैल क्लिपमधून तेल बाहेर गळेलच असं नाही, पण हवा आत ओढली जाते. टाकीत सतत फेस आणि बाहेर सगळं कोरडं, ही तिची खूण. क्लिप ठीक असेल तर तोच पाईप दाबून पाहा. जुना पाईप आतून सोलून निघतो आणि त्याचा पापुद्रा तेलाची वाट अडवतो, वरून काही कळत नाही. हा पाईप स्वस्त आणि बदलायला सोपा आहे, शंका असेल तर पंपाबरोबरच तोही नवीन टाका.